विरळ लोकवस्तीचे प्रदेश (भारत)

भारतातील विरळ लोकवस्तीचे प्रदेश : देशाच्या सरासरीच्या मानाने ज्या भूभागात माणसे फारच तुरळक राहतात असे जिल्हे, बेटे व पर्वतीय पट्टे. २०११ च्या जनगणनेनुसार भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती आणि दर चौरस किलोमीटरला सरासरी ३८२ माणसे राहत होती. त्याच वर्षी ईशान्य दिल्ली जिल्ह्यात हा आकडा ३६ हजारांहून जास्त होता, आणि अरुणाचल प्रदेशातील दिबांग व्हॅली जिल्ह्यात होता १. एकाच देशाच्या, एकाच मोजणीतले हे दोन आकडे आहेत.

‘भारतात सर्वांत कमी वस्ती कुठे?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. माणसांची संख्या पाहिली तर राज्यांमध्ये सिक्कीम सर्वांत लहान (६,१०,५७७) आणि केंद्रशासित प्रदेशांमध्ये लक्षद्वीप (६४,४७३). पण लक्षद्वीपची सगळी जमीन जेमतेम ३० चौ. किमी. असल्याने तेथील घनता २,१४९ भरते, म्हणजे देशाच्या सरासरीच्या साडेपाच पट. माणसे थोडी, तरी वस्ती दाट. उलट अरुणाचल प्रदेशात पावणेचौदा लाख लोक असूनही घनता १७, राज्यांमध्ये सर्वांत कमी. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला. त्याच्या लेह व कारगिल या दोन जिल्ह्यांची २०११ ची लोकसंख्या मिळून पावणेतीन लाख, आणि क्षेत्र ५९ हजार चौ. किमी.हून जास्त. हिशेब केला तर दर चौ. किमी.ला पाच माणसेही येत नाहीत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे अंतर डोळ्यांपुढे आणायचे तर हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्हा घ्यावा. त्याचे क्षेत्र (१३,८४१ चौ. किमी.) पुणे जिल्ह्याहून थोडेच कमी. पुणे जिल्ह्यात २०११ साली ९४ लाख लोक होते, लाहौल-स्पितीत ३१,५६४. दिबांग व्हॅली क्षेत्राने रत्नागिरी जिल्ह्याहून मोठी आहे. रत्नागिरीत १६ लाख माणसे, दिबांग व्हॅलीत ८,००४. कोकणातल्या एखाद्या मोठ्या गावात मावतील एवढी माणसे तिथे अख्ख्या जिल्ह्यात विखुरली आहेत.

सरासरी आणि वस्तुस्थिती

घनतेचा आकडा जपून वाचावा लागतो. तो माणसांना सगळ्या जमिनीवर सारखे पसरवून टाकतो, आणि माणसे तशी कधीच राहत नाहीत. निकोबार जिल्ह्याची घनता २० आहे. पण जिल्ह्यातली जवळजवळ निम्मी माणसे कार निकोबार या एका छोट्या, सपाट बेटावर राहतात, तर जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त जमीन असलेल्या ग्रेट निकोबारवर सुमारे आठ हजार. कच्छची घनता ४६ दिसते, कारण क्षेत्रफळात रणही मोजलेले असते, जिथे पावसाळ्यात पाणी आणि उरलेल्या वर्षात मीठ. लडाखमध्ये शेत आणि घर असते ते सिंधू, श्योक, नुब्रा, झंस्कार या नद्यांकाठी नाही तर त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी. अशा गावात उभे राहिले तर घराला घर लागून असते. विरळपणा असतो तो दोन गावांच्या मधे.

मोजणीचा महिनाही महत्त्वाचा. २०११ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च होती. पण मार्चमध्ये बर्फाखाली असणाऱ्या भागांसाठी ती १ ऑक्टोबर २०१० धरली गेली. येत्या जनगणनेतही देशासाठी १ मार्च २०२७ आणि लडाखसह हिमाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६ अशा वेगळ्या तारखा जाहीर झाल्या आहेत. लाहौलची अनेक कुटुंबे हिवाळ्यात कुलूच्या खोऱ्यात उतरतात. जानेवारीत गणती झाली तर तीच माणसे दुसऱ्या जिल्ह्यात भरतील. लेह जिल्ह्यात २०११ साली हजार पुरुषांमागे सातशेहून कमी स्त्रिया नोंदल्या गेल्या. लडाखी समाजात मुली कमी जन्मतात असा याचा अर्थ नाही. सैनिक, रस्तेबांधणीचे मजूर आणि नोकरीनिमित्त आलेले एकटे पुरुष त्या आकड्यात आहेत. म्हणजे विरळ दिसणाऱ्या या संख्येतही स्थानिक रहिवासी आणखी थोडे.

शीत वाळवंट : पाण्याने ठरवलेली संख्या

लडाख आणि स्पिती हे मुख्य हिमालयाच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आहेत. लेह सुमारे ३,५०० मी. उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला साधारण दहा सेंटीमीटर पाऊस पडतो. तेवढ्यावर काहीही पिकत नाही. पिकते ते हिमनद्या आणि साचलेला बर्फ वितळून आलेल्या पाण्यावर. लांबच लांब पाट काढून हे पाणी शेताकडे आणायचे, छोट्या तळ्यांत रात्रभर साठवायचे आणि दिवसा पाळीने सोडायचे, ही तिथली व्यवस्था. पाळ्या ठरवायला गावात ‘छुरपोन’ नेमतात, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा. सातू, थोडा गहू, वाटाणा, जर्दाळूची झाडे, आणि कडेला जळण व छपरासाठी लावलेले वाळुंज व पॉपलर. जिथपर्यंत पाट जातो तिथपर्यंत हिरवे. पाटाच्या वरच्या अंगाला एक हात सरकले की दगडमाती.

या प्रदेशाबद्दल सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते, की ओढ्याचे पाणी जेवढे तेवढीच शेते, आणि शेते जेवढी तेवढीच घरे, हे तिथल्या समाजाने ओळखून त्याप्रमाणे कुटुंबाची घडण केली. लडाखमध्ये घर आणि जमीन थोरल्या मुलाकडे जाई, वाटणी होत नसे. धाकटे भाऊ त्याच घरात राहत आणि पुष्कळदा सगळ्या भावांची मिळून एकच पत्नी असे. एखादा मुलगा गोम्पात लामा होई, काही मुली भिक्खुणी होत. थोरल्याच्या हाती कारभार आला की आईवडील शेजारच्या लहान घरात, ‘खांगू’त, राहायला जात, मोठे घर ‘खांगचेन’. स्पितीतही थोरल्याला जमीन आणि धाकट्यांना मठ हीच रीत होती. शेत तुकड्या-तुकड्यांत फुटले नाही, आणि माणसे पाण्यापेक्षा जास्त झाली नाहीत. जम्मू-काश्मीर संस्थानाने १९४१ साली कायद्याने बहुपतित्वाला बंदी केली. पुढे शिक्षण, लष्कराशी जोडलेली कामे आणि १९७४ नंतर खुले झालेले पर्यटन यांनी जुनी घडी मोडली. स्त्रीला आपला संसार निवडता येऊ लागला, हे चांगलेच झाले. पण पाण्याचा हिशेब मात्र बदलला नाही. लेह शहरात हॉटेले आणि कूपनलिका वाढल्या. कोरड्या संडासांच्या जागी फ्लश आले. आणि वसंतात, पेरणीच्या वेळी, हिमनदी वितळायला लागण्याआधी पाणी कमी पडू लागले. त्यावर उपाय म्हणून सोनम वांगचुक यांनी हिवाळ्यातले वाया जाणारे पाणी नळाने उंच उडवून त्याचे शंकूसारखे बर्फाचे ढीग करण्याची युक्ती २०१३-१४ च्या सुमारास काढली. स्तूपासारख्या आकारामुळे ऊन कमी जागेवर पडते, आणि हा बर्फ एप्रिल-मे महिन्यांत हळूहळू वितळत राहतो.

लडाखच्या पूर्वेकडील चांगथांग पठारावर शेतीही नाही. तिथे चांगपा पशुपालक याकच्या केसांच्या तंबूंतून राहतात, आणि पश्मिना देणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व याक घेऊन वर्षातून अनेकदा कुरण बदलतात. एका कळपाला लागणारे गवत इतके विखुरलेले असते की दोन तंबूंत मैलामैलांचे अंतर राहणे ही तिथे जगण्याची अटच आहे. १९६२ नंतर सीमेलगतची काही कुरणे त्यांच्या हातून गेली. त्याच सुमारास तिबेटमधून आलेले निर्वासित पशुपालकही उरलेल्या गवतावर आले. खारनाकसारख्या गटांतली बरीच कुटुंबे आता लेहजवळच्या खारनाकलिंग वस्तीत राहतात. याच चांगथांगच्या हानले गावाजवळ, सुमारे ४,५०० मी. उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. २०२४ मध्ये तिथे सुरू झालेली ‘मेस’ ही गॅमा किरणांची मोठी दुर्बीण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने उभी राहिली. कोरडी हवा आणि काळोख, माणसांच्या तुरळकपणाने राखलेल्या या दोन गोष्टी तिथे विज्ञानाच्या कामी आल्या. आसपासच्या गावांनी रात्रीचे दिवे झाकण्याची शिस्त पत्करली, म्हणून हे शक्य झाले.

लाहौलची गोष्ट रस्त्याची आहे. रोहतांग खिंड (३,९७८ मी.) बर्फाने बंद झाली की पाच-सहा महिने खोरे तुटत असे. आजारी माणसाला कुलूला नेण्यासाठी हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे, आणि हवा बिघडली तर तेही येत नसे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किमी. लांबीचा अटल बोगदा खुला झाला. वाटाणा, बटाटा, फ्लॉवर यांच्या गाड्या त्यातून वेळेत मंडईला पोहोचतात. आणि उलट दिशेने बर्फ पाहायला येणाऱ्यांच्या रांगा लागतात. एका दिवसात आलेल्या प्रवाशांची संख्या खोऱ्यातल्या रहिवाशांइतकी भरणे आता अशक्य राहिलेले नाही. कचरा आणि सांडपाण्याची सोय मात्र रहिवाशांपुरतीच.

दिबांग ते अंजॉ : दाट जंगल, विरळ माणसे

पूर्व हिमालयात पाण्याची वाण नाही. पाऊस भरपूर, जंगल घनदाट, तरीही दिबांग व्हॅली आणि अंजॉ या जिल्ह्यांत माणसे लडाखहून विरळ. कारण जमिनीचा उतार. दिबांग, लोहित, सियांग या नद्यांनी डोंगर इतके खोल कापले आहेत की सपाट जागा म्हणून जे काही सापडते ते एखाद्या वळणावरचा मातीचा तुकडा. दरडी नित्याच्या. शेती मुख्यतः फिरती, झूम : जंगलाचा तुकडा साफ करायचा, एक-दोन वर्षे पिकवायचा आणि मग अनेक वर्षे तसाच सोडायचा, म्हणजे माती सावरते. वरवर पाहणाऱ्याला तो सोडलेला तुकडा पडीक दिसतो. गावातल्या माणसाला ठाऊक असते की तो कोणत्या कुळाचा आहे आणि पुन्हा कधी पिकायचा आहे.

दिबांग व्हॅली हा इदू मिश्मी जमातीचा प्रदेश. मुख्य ठिकाण अनिनी. २००१ साली जुन्या जिल्ह्यातून दक्षिणेकडचा, जास्त वस्तीचा भाग लोअर दिबांग व्हॅली म्हणून वेगळा झाला, आणि उरलेला जिल्हा देशातला सर्वांत कमी लोकसंख्येचा ठरला. त्याच्या ९,१२९ चौ. किमी.पैकी ४,१४९ चौ. किमी. दिबांग वन्यजीव अभयारण्य आहे. इदू वाघाला थोरला भाऊ मानतात. वाघ मारणे हे माणूस मारण्याइतके मोठे पाप. शिकारीवर, मांस खाण्यावर आणि शिकारीनंतरच्या वागण्यावर अनेक निर्बंध आहेत, आणि विधी सांगणारा ‘इगू’ ते जपतो. या डोंगरांत वाघ टिकले त्यात या निर्बंधांचा वाटा आहे. दुसरीकडे, दिबांगच्या खोऱ्यातच २,८८० मेगावॅटचा बहुउद्देशीय प्रकल्प उभा राहत आहे. धरणाच्या कागदांत विस्थापितांची संख्या कमी, हा नेहमी जमेचा मुद्दा धरला जातो. पण सारी जमातच बारा हजारांच्या आसपास असेल, तर थोडी कुटुंबे हलणे म्हणजे एका भाषेचा, एका गोतावळ्याचा मोठा भाग हलणे. विरळ प्रदेशांचा विचार करताना हा हिशेब वेगळा मांडावाच लागेल.

अरुणाचलच्या पूर्व टोकाचा अंजॉ जिल्हा (घनता ३) निवडणुकीच्या काळात बातमीत येतो. २०१९ आणि २०२४ मध्ये मालोगाम येथे एकाच स्त्री मतदारासाठी कर्मचाऱ्यांनी डोंगर चढून मतदान केंद्र उघडले. हिमाचलमधील स्पितीत ताशीगांग येथे १५,२५६ फुटांवर केंद्र असते. आपल्या लोकशाहीबद्दल अभिमान वाटावा अशा ज्या थोड्या गोष्टी निर्विवाद आहेत, त्यांत ही एक. हीच यंत्रणा डॉक्टर आणि शिक्षकांच्या रूपाने वर्षभर तिथे पोहोचली, तर अंजॉची बातमी दर पाच वर्षांनी करण्याची गरज उरणार नाही. २०२३ साली केंद्र सरकारने सीमेवरील गावांसाठी ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ योजना अंजॉमधल्याच किबिथू येथून सुरू केली. पहिल्या टप्प्यात ६६२ गावे घेतली. तरुणांनी गाव सोडू नये हा तिचा उघड हेतू आहे, कारण रिकाम्या सीमेवर पहारा करणे कठीण असते. अरुणाचलात बाहेरच्यांना प्रवेशासाठी परवाना लागतो. त्याचे मूळ १८७३ च्या इंग्रजी नियमनात आहे. मूळ उद्देश चहामळ्यांच्या आणि व्यापाराच्या सोयीचा होता, पण आज त्या परवान्यामुळेच स्थानिकांची जमीन आणि संख्याबळ टिकून आहे.

थरचे वाळवंट

जैसलमेर जिल्हा (३८ हजार चौ. किमी.हून मोठा) १९६१ साली १ लाख ४० हजार लोकांचा होता, २०११ साली ६ लाख ७० हजारांचा. घनता १७, म्हणजे अरुणाचलइतकीच, पण वाढती. इंदिरा गांधी कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले, आणि सतलज-बियासचे पाणी १९८०च्या दशकात जैसलमेरच्या वाळूपर्यंत आले. कालव्याआधी इथले शहाणपण ‘खडीन’मध्ये होते : खडकाळ चढावरून येणारे पावसाचे पाणी बांध घालून सखल शेतात अडवायचे, ते जिरले की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पालीवाल ब्राह्मणांनी हे तंत्र नावारूपाला आणले. त्यांनी एकोणिसाव्या शतकात सोडलेले कुलधरा आज पर्यटक भुताच्या गोष्टींसाठी पाहतात. पाहायला हवेत ते तिथले खडीन.

‘तिथे कोण राहते?’ या प्रश्नाचा उपयोग थरमध्ये सर्वांत जास्त झाला. १८ मे १९७४ रोजी आणि नंतर ११ व १३ मे १९९८ रोजी पोखरणजवळ अणुचाचण्या झाल्या. जवळच खेतोलाईसारखी गावे आहेत. आता सौर पट्टे आणि पवनचक्क्या येतात त्या ‘ओरणां’वर, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या कुरणांवर. आपल्याकडच्या देवराईचे हे वाळवंटी रूप. महसुली कागदांत ओरण पुष्कळदा पडीक म्हणून लिहिलेले असते. तिथेच माळढोक राहतो, ज्याला मारवाडात ‘गोडावण’ म्हणतात आणि जो सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. उंच विजेच्या तारांना धडकून हे पक्षी मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली तारांबाबत आदेश द्यावा लागला.

बेटे

अंदमान-निकोबारची घनता ४६. शेकडो बेटांपैकी वस्ती तीसेक बेटांवर. काही आदिवासी जमाती इतक्या लहान आहेत की आकडा वाचतानाच काळजी वाटते : २०११ साली ग्रेट अंदमानी ४४, ओंगे १०१, शोंपेन २२९. उत्तर सेंटिनल बेटावर गणक उतरलेच नाहीत. दुरून दिसलेली माणसे मोजली गेली, २००१ साली ३९ आणि २०११ साली १५. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमनाने तिथे जाण्यास मनाई आहे आणि ती योग्य आहे. बाहेरच्या साथीच्या रोगांनी ग्रेट अंदमानींचे काय झाले हे इतिहासात नोंदलेले आहे. २०१० साली त्यांच्यातल्या बोआ सीनियर वारल्या तेव्हा ‘बो’ ही भाषा बोलणारे कोणी उरले नाही.

निकोबार जिल्ह्यात २००१ ते २०११ दरम्यान लोकसंख्या ४२,०६८ वरून ३६,८४२ वर आली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हे घडवले. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाची जमीन सुमारे चार मीटर खचली. पश्चिम किनाऱ्यावरच्या निकोबारींना कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतीत हलवले गेले. परत आपल्या गावी जाऊ द्या ही त्यांची मागणी अजून पुरी झालेली नाही. त्याच बेटावर १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबे वसवली गेली. त्यांत पंजाबी, तमिळ, मल्याळी यांच्याबरोबर मराठीही होती. २०२२ मध्ये गॅलाथिया उपसागरातील बंदर, विमानतळ आणि नव्या शहराच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली, ज्यासाठी सुमारे १३० चौ. किमी. जंगल वळवायचे आहे. गॅलाथियाच्या वाळूत लेदरबॅक कासवे अंडी घालतात, आणि आतल्या जंगलात शोंपेन राहतात. आठ हजारांच्या बेटावर लाखोंचे शहर आले तर शोंपेनांची संख्या घनतेच्या कोष्टकात दिसणारही नाही.

मुख्य भूमीवर, मध्य भारतात गडचिरोली (घनता ७४, महाराष्ट्रात सर्वांत कमी) आणि पलीकडे छत्तीसगडचे अबुझमाड हा सलग जंगलपट्टा आहे. माडियांचे पाडे लहान असतात, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड अजूनही तुटते. जवळच हेमलकसा येथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना चालतो.

ओसाड झालेली गावे

वरच्या सर्व प्रदेशांत माणसे पहिल्यापासून थोडी. उत्तराखंडच्या डोंगरांत मात्र असलेली माणसे निघून गेली. २००१ ते २०११ या दशकात पौडी गढवाल आणि अल्मोडा जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. राज्याच्या पलायन आयोगाने २०१८ साली सांगितले की २०११ नंतर आणखी ७३४ वस्त्या निर्मनुष्य झाल्या. त्याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातही माणसे कमी झाली, म्हणून हे दुखणे आपल्याला परके नाही. आपल्या महसुली दप्तरात अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात, विदर्भात ‘रिठी’. गाव उठलेले असले तरी त्याची शीव आणि सर्व्हे नंबर कागदावर राहतात. गढवालात कुलदैवताच्या पूजेसाठी वर्षा-दोन वर्षांनी डेहराडून-दिल्लीहून कुटुंबे येतात, दारासमोरचे वाढलेले गवत कापतात, चार दिवस चूल पेटवतात आणि कुलूप लावून परततात. कोकणात गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, तसेच.